उजवा कळा

“ती फांदी काढावी लागेल,” सर म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. देवराईत एका हिरव्या कापडाच्या आडोशामागे आम्ही उकिडवे बसलो होतो. सकाळचे पावणेसात झाले होते. मागच्या पांगाऱ्याच्या लाल फुलांवर साळुंक्यांनी असा गलका मांडला होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये.

“कुठली फांदी, सर?”

“ती काय, ढोलीच्या पुढ्यात आडवी आलीये. तुला दिसत नाही का? अख्खा फोटो खातेय ती.”

दिसत होती की! तीन वर्षं मी दुसरं काही बघितलंच नव्हतं. समोर साठेक पावलांवर बेहड्याचं झाड होतं, चार माणसांच्या कवेत न मावणारं. त्याच्या खोडात, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, एक ढोली होती. ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून बंद केलेलं, मधे फक्त दोन बोटं रुंद फट. त्या फटीमागे गेले सहा आठवडे धनेशाची मादी बसली होती.

हा पक्षी ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. गिधाडाएवढा मोठा, पिवळी जाड चोच आणि चोचीवर टोप. आमच्या कुंभेरी गावात त्याला ककणेर म्हणतात. मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून स्वतःला कोंडून घेते. आत तिची पिसं झडतात, तिला उडता येत नाही. अंडं, पिल्लू, सगळं आतच. बाहेरून नर उंबरं आणून त्या फटीतून भरवतो. नर मेला, किंवा भिऊन यायचा थांबला, तर आतली दोघं उपाशी मरतात. इतकं सरळ गणित आहे.

आणि हे गणित मला शिकवलं कोणी? ह्याच सरांनी. अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी शालन घोरपडे. तेव्हा कुंभेरीच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. गाय अडली, बोकड आजारी पडला, की गाव म्हणायचं, डॉक्टरीणबायला बोलवा. मूळची मी घाटावरची, तोंडानं फटकळ. कोकणात बदली झाल्यावर भात आणि मासे अंगी लागले, फटकळपणा काही गेला नाही.

आणि श्रीरंग कारखानीस सर म्हणजे माझ्या लेखी देव. तशी मी देव मानत नाही, पण बोलायची पद्धत. सात वर्षांपूर्वी त्यांच्या पक्षीनिरीक्षण शिबिरात मी पहिल्यांदा दुर्बीण हातात धरली. “पक्ष्याला कळता कामा नये की आपण आलोय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शिबिरात एका मुलानं घरट्यापुढचं नुसतं गवत बाजूला केलं, तर सरांनी त्याला तिथल्या तिथे गाडीत बसवून घरी पाठवलं होतं. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणून तर तीन वर्षं जिवापाड जपलेलं हे घरटं मी फक्त त्यांना कळवलं. भिकादादांना न विचारता कळवलं, ही माझी चूक. नंतर विचारलं तेव्हा दादा एवढंच म्हणाले, “माणूस कसा हाय?”

“दादा, माझ्यापेक्षा चांगला.”

“मग येऊं दे.”

भिकाजी गुरव हे ह्या देवराईतल्या वाघजाईचे पुजारी. साठीचे, काटक, कमी बोलणारे. घरटं पहिल्यांदा त्यांनीच मला दाखवलं होतं. त्या सकाळी ते आमच्यामागे एका मुळावर बसून होते आणि सरांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

“सायेब,” ते म्हणाले, “हितं काडी मोडीत नाय.”

सर हसले. “अहो गुरव, मी झाड तोडायला कुठे सांगतोय? एक फांदी. मनगटाएवढी.”

“देवीची राई हाय. वाळलेली काटकीसुदा चुलीला नेत नाय आम्ही. आन् ती फांदी त्याची पायरी हाय.”

“कोणाची?”

“नराची. तो आधी तिच्यावर बसतो. चारी अंगांनी बघतो. मग ढोलीकडं जातो. आपण घरात शिरताना पायरीवर थांबतो ना, तसा.”

पाव तासापूर्वी नर आला होता. त्याच्या पंखांचा आवाज आधी येतो, लोहाराच्या भात्यासारखा. नेमके तेव्हाच सर तिपाई सरकवायला उभे राहिले. नर वरच्या वर वळला, पलीकडच्या आईनावर जरा वेळ बसला आणि गळ्यातली उंबरं तशीच घेऊन निघून गेला. मला वाटलं होतं, सर हळहळतील. त्यांना हळहळ फांदीची!

“सर,” मी म्हटलं, “माझ्याकडे नोंदी आहेत. तीन वर्षांत एकदाही तो त्या फांदीवर न बसता ढोलीकडे गेलेला नाही.”

“नोंदी करायला तू कोणाकडून शिकलीस, शालन?”

“तुमच्याकडून.”

“मग मला शिकवू नकोस. पक्षी जुळवून घेतात. चाळीस वर्षं बघतोय मी. स्पर्धेला ह्या महिन्याअखेर फोटो पाठवायचाय, आणि असं घरटं इतक्या जवळून आजवर कोणाला मिळालेलं नाही. समजतंय का तुला? तुझंही नाव देईन खाली.”

माझं नाव! एरवी सरपंचाला फडाफडा बोलणारी मी, त्यांच्यापुढे जीभ टाळ्याला चिकटली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, ही म्हण मी शंभरदा वापरली असेन. तो पाषाण आपल्याच देव्हाऱ्यात निघाला की तोंडातून शब्द फुटत नाही.

तेवढ्यात आबा साळवी आले. आबा म्हणजे गावचे मानकरी. शिमग्यात पालखीला पहिला खांदा त्यांचा, देवीच्या कामात शेवटचा शब्द त्यांचा. सर रात्री त्यांच्याच घरी उतरले होते, म्हणून ते किटलीभर चहा आणि घावणे घेऊन हौसेनं आले होते.

“काय सायेब, गावला काय पक्षी?”

“सापडला, पण तुमचे गुरव भेटू देत नाहीत,” सर म्हणाले, आणि त्यांनी फांदीचं सगळं सांगितलं. वर म्हणाले, “आबा, हा फोटो छापून आला ना, तर कुंभेरी नकाशावर येईल. लांबलांबून लोक येतील. तुमचा हा रस्ता कोणी तरी डांबरी करून देईल की.”

आबांच्या तोंडावर रस्ता दिसायला लागला. वाईट माणूस नव्हे हो. पावसाळ्यात बाळंतीण डोलीतून खाली न्यावी लागायची त्या गावात. त्यांनी फांदीकडे बघितलं, दादांकडे बघितलं.

“भिका, एक फांदी बाबा.”

“आबा, आज एक. उद्या दुसरा सायेब येईल, त्याची दुसरी.”

“सायेब पाव्हणा हाय आपला.”

“ककणेर कोण हाय मग?”

आबा डोकं खाजवत राहिले. मग गावाची जी रीत तीच त्यांना सुचली. “असं करूं. कौल लावूं. आई सांगेल तसं.”

कौल म्हणजे देवीला विचारणं. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या. तिथं कळी म्हणत नाहीत, कळा म्हणतात. गुरवानं गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवा कळा आधी पडला तर होकार. डावा पडला तर नकार. सोयरीक, विहीर, बांधाचं भांडण, सगळं त्या दोन कळ्यांवर ठरायचं.

मला हे सगळं थोतांड वाटायचं, आणि मी ते दादांना तोंडावर सांगितलेलं होतं. पण एक गोष्ट कबूल करायलाच हवी. पलीकडच्या दोन गावांतली माणसंही आपला गुरव सोडून कौल लावायला भिकादादांकडे यायची. का, तर एकदा त्यांचा स्वतःच्या भावाशी बांधाचा वाद झाला होता. भाऊ म्हणाला, कौल लाव. लावला. कौल भावाच्या बाजूनं पडला. जवळ दुसरं कोणी नव्हतं, दादांना काहीही सांगता आलं असतं. त्यांनी पडला तसा सांगितला आणि दोन माड भावाला सोडून दिले. तेव्हापासून भिकाचा कौल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

“वा!” सर म्हणाले. “झकास. मला देवीचा निर्णय मान्य आहे. काय देईल तो.”

त्यांच्या स्वरात जी गंमत होती ना, ती मला अजून टोचते. देवी मीही मानत नव्हते, पण मी हसले नव्हते.

वाघजाईचं देऊळ म्हणजे बेहड्यापासून हाकेच्या अंतरावर चार खांब, वर कौलं, मधे शेंदूर माखलेली शिळा. भिंती नाहीत. पुढे जांभ्या दगडाची एकच पायरी. मानकऱ्यानं पायरीखाली उभं राहायचं, वर फक्त गुरवानं जायचं आणि पाण्याचा तांब्या धरणाऱ्यानं. तो मान गुरवाच्या बायकोचा. पण काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या.

“बाय, तुम्ही धरा,” दादा म्हणाले.

मी चपला काढल्या आणि तांब्या घेऊन पायरी चढले. सर बाजूच्या खांबाशी उभे राहिले. त्यांच्या गळ्यात लहान कॅमेरा होता.

दादांनी हातपाय धुतले. दोन कळे निवडले, अगदी एका मापाचे. तांब्यात बुडवून एक उजव्या खांद्याला लावला, एक डाव्या. हात जोडले आणि पुटपुटत गाऱ्हाणं घातलं. खाली उभ्या असलेल्या आबांना त्यातलं अक्षर ऐकू जाण्यासारखं नव्हतं, आणि दादांच्या पाठीआड शिळाही दिसत नव्हती. मी हातभर अंतरावर होते.

मग आम्ही वाट बघत राहिलो. साळुंक्यासुद्धा कुठे गेल्या कोण जाणे. लांब कुठे तरी एक तांबट टुकटुक करत होता. मला त्या ढोलीतल्या मादीची आठवण येत होती, सकाळपासून पोटात काही नसलेली.

कळा पडला.

दादांनी लगेच हात पुढे केला. पडलेला उचलला, राहिलेला काढला, दोन्ही मुठीत घेतले. क्षणभर तसेच उभे राहिले. मग वळून म्हणाले, “फांदी राखायची.”

आबांनी सुस्कारा सोडला. “राहिलं मग. आईची मर्जी.”

मी पायरी उतरले, आणि उतरता उतरता सरांचा आवाज आला.

“एक मिनिट, आबा. इकडे या जरा.”

त्यांनी कॅमेऱ्याच्या मागचा छोटा पडदा आबांपुढे धरला. माणसानं फोटो काढला होता! आवाज न करता, देवीसमोर, कोणाला न विचारता. “हे बघा. कुठला कळा पडलाय? देवीचा उजवा खांदा मोकळा आहे. डाव्यावर कळा तसाच. बरोबर? तुमच्यात उजवा म्हणजे होकार ना? मग गुरव राखायची कशी म्हणतात?”

आबांनी पडदा डोळ्यांशी नेला, लांब धरला, परत जवळ घेतला. त्यांचा चेहरा उतरत गेला.

“भिका,” ते म्हणाले, “उजवा पडलाय रे.”

दादांनी मूठ आणखी घट्ट आवळली.

“भिका, आईसमोर खोटा बोललास?”

आता हे नुसतं फांदीचं राहिलं नव्हतं. खोटा कौल सांगणं म्हणजे त्या गावात काय, हे शहरातल्या माणसाला कळायचं नाही. चार पिढ्यांची गुरवकी गेली असती. लेकीच्या सासरपर्यंत बोभाटा झाला असता. जुन्या प्रत्येक कौलावर लोकांनी शंका घेतली असती, ज्याची सोयरीक मोडली तोही आणि ज्याचा बांध सरकला तोही. आणि सर तिथे कॅमेरा धरून उभे, पेपर तपासून लाल शेरा मारल्यासारखे खूश.

“मला ह्यांना दुखवायचं नाही,” ते म्हणाले, “पण लबाडी ती लबाडी. तुमच्याच देवीचा हुकूम आहे, आबा. माणूस चढवा वर.”

“थांबा,” आबा म्हणाले. “भिका काय विचारलंन, ते कळायला हवा. प्रश्न उलटा असेल तर कौल उलटा. पण गुरवानं गाऱ्हाणं दुसऱ्यांदा तोंडातून काढायचा नसतो.” ते माझ्याकडे वळले. “बाय, तांब्या तुमच्या हातात होता. तुम्ही ऐकलात. काय विचारलंन भिकानं?”

तिघंही माझ्याकडे बघत होते. दादा बघत होते ते मात्र वेगळं. त्यांची मान किंचित हलली. नको, असं.

“त्यांनी विचारलं,” मी म्हणाले, “आई, ही फांदी राखू का? म्हणून उजवा पडला.”

“आईच्या पायावर हात ठेवून सांगा.”

मी परत पायरी चढले. शेंदराच्या शिळेवर हात ठेवला. गार होती. “फांदी राखू का, असंच विचारलं,” मी म्हणाले.

आबांनी डोळे मिटले आणि हात जोडले. “बस्स. झालं.”

“शालन,” सर म्हणाले, “खोटं बोलतेयस तू.”

“तुम्ही ऐकलंत का, सर, ते काय म्हणाले ते?”

“नाही, पण—”

“मग कशावरून?”

“तुझ्या तोंडावरून! मूर्ख आहेस. एका अडाणी माणसासाठी—”

आणि माझी जीभ सुटली. सात वर्षांचं सगळं एकदम सुटलं. “अडाणी कोण, सर? ह्या माणसानं तीन वर्षांत त्या झाडाखाली पाऊल टाकलेलं नाही. मादी आत बसली की हा इथली घंटा वाजवायची बंद करतो, माहीत आहे तुम्हाला? देवीची घंटा! चार महिने कापड गुंडाळून ठेवतो. पक्ष्याला कळता कामा नये म्हणून. तुमचं वाक्य ते, पण तुम्ही ते पोरांना म्हणून दाखवता, हा पाळतो. त्या मुलानं गवत बाजूला केलं तर तुम्ही त्याला हाकललं होतंत. तुम्हाला कोणी हाकलायचं? चला, निघा. तुमच्या गाडीपर्यंत मी येते सोडायला.”

“तू मला सांगणार?”

“हो. मी सांगणार. साडेसहापासून ती मादी उपाशी आहे, आणि आत्ता नऊ वाजतायत.”

आबांनी मधे पडून माझी समजूत काढायचा प्रयत्न केला, पाहुण्याला असं बोलू नये वगैरे. पण सामान त्यांनीच उचललं. सर जाताना माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. चहाची किटली तशीच राहिली, भरलेली.

ते दिसेनासे झाले तसे मी आणि दादा आडोशामागे येऊन बसलो. मी रागात होते, पण मनातून खूशही होते हो, खोटं कशाला बोलू. जिंकल्यासारखं वाटत होतं. नऊ वाजून वीस मिनिटांनी भात्याचा आवाज आला. नर आला तो थेट त्या फांदीवर बसला. मान वाकडी करून खाली बघितलं, वर बघितलं. आम्ही श्वास धरून. मग तो ढोलीला जाऊन चिकटला आणि गळ्यातून एकेक उंबर काढून फटीत देऊ लागला. मी मोजली, बावीस. आतून चोचीचं पिवळं टोक दिसायचं आणि नाहीसं व्हायचं.

“दादा, बघा ना! बघा!” मी कुजबुजले.

दादा बघत नव्हते. ते मूठ उघडून बघत होते. दोन्ही कळे चुरगळून गेले होते.

“बाय,” ते म्हणाले, “तुम्ही का घेतलात शपथ?”

“मग काय करणार होते? तुमची गुरवकी गेली असती.”

“गेली असती तर गेली असती. मी खोटा बोललो, ते माझा होता. तुम्हाला कशाला त्यात हात घालायचा?”

कारण त्यांनी विचारलं होतं ते असं: “आई, फांदी तोडू का?” हातभर अंतरावरून मी प्रत्येक शब्द ऐकला होता. सरळ प्रश्न, सरळ रीतीनं. त्यांना उलटा प्रश्न घालता आला असता, राखू का, असं विचारून निम्मी बाजू तरी आपल्याकडे ठेवता आली असती. त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांना खात्री होती, आपली देवी नाहीच म्हणणार. आणि उजवा कळा पडला.

त्या सकाळी त्या देवळात खरं बोलणारा एकच माणूस होता, आणि तो कारखानीस होता. हे मला एकोणीस वर्षांत पचलेलं नाही.

“दादा, मला शपथेचं काही नाही,” मी म्हणाले. “तुम्हाला माहीत आहे, मी मानत नाही.”

“व्हय. पण मी मानतो ना.” त्यांनी चुरगळलेले कळे मुळापाशी मातीत ठेवले. “चाळीस वर्षं मला वाटायचा, ती सांगते नि मी नुसता बोलतो. आज ती बोलली, आन् माझी जीभ नाय वळली.”

मी म्हणाले, “एका फांदीसाठी त्या माणसानं तुमच्यावर ही वेळ आणली.”

“त्यानं नाय. त्याला काय ठावं? त्याला आणला कोणी?”

रागानं नाही म्हणाले ते.

पिल्लू मे महिन्याच्या शेवटाला बाहेर पडलं. त्या दिवसापर्यंत दादा रोज पहाटे त्या मुळावर राखणीला बसायचे. पूजा मात्र त्यांनी पुतण्याकडे सोपवली होती, दुसऱ्याच दिवशी. गावाला सांगितलं, गुडघं धरलं, पायरी चढवत नाही.

पुढच्या वर्षी आबांनी मला हाक मारून पंचायतीत नेलं. भिंतीवर मोठी तसबीर लावलेली. तोच फोटो! शेंदराची शिळा, दादांचा पुढे येणारा हात, देवीच्या डाव्या खांद्यावर कळा. स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि खाली छापलं होतं, ‘देवीने राखलेले घरटे’. सोबत सरांचा लेखही होता. स्थानिक श्रद्धेचा मान राखून मी कॅमेरा बाजूला ठेवला, असं त्यात लिहिलं होतं. कॅमेरा बाजूला! मी तिथेच ओरडले, आबा, काढा ते भिंतीवरून. आबांना कळेना, बाईला झालंय काय. रस्ता मंजूर झाला होता त्यांचा.

मी लेख घेऊन तडक दादांकडे गेले. वाचून दाखवला. चांगल्या चार शिव्या घालाव्यात अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी फोटो हातात घेतला आणि देवीच्या रिकाम्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं.

“हितं दिसतो की. कोणाच्या ध्यानात नाय आला?”

“नाही.”

“बरा,” म्हणाले, आणि कागद मला परत दिला.

त्याच महिन्यात घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यात एक म्हैस अडली होती. दादा माझ्याबरोबर आले, माझी औषधांची पेटी डोक्यावर घेऊन. अडीच तासांची उभी चढण, वाटेत एकदाही टेकले नाहीत. मी गुडघ्यांबद्दल विचारलं नाही.

पुढे अकरा वर्षं ते जगले. रोज सकाळी राईत यायचे, पायरीखाली मानकऱ्याच्याही मागे उभे राहायचे, हात जोडायचे आणि परत फिरायचे. फुलं पुतण्याच्या हाती वर द्यायचे. आता तेही नाहीत. बदली होऊन मीही कुंभेरी सोडली, पण दर चैत्रात जाते. फांदी आहे, आता मांडीएवढी झालीये. नर आधी तिच्यावरच बसतो.

मी देव मानत नाही, हे सांगितलंच. पण त्या दिवसानंतर ती पायरी मीही चढलेली नाही.